पाय आधी, हात मागून

पक्षाघाताला आपल्या भाषेत एक जुने आणि मोठे बोलके नाव आहे. खेड्यातील माणूस 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतो. वारा यावा, झाड हलवावे आणि जाता जाता एक फांदी मोडून टाकावी, असे काहीसे चित्र त्या शब्दांत आहे. नाव देणाऱ्याच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक करावेसे वाटते. पण या नावाने आपले नुकसानही पुष्कळ केले आहे. वारे जसे आले तसे निघूनही जाईल, म्हणून वाट पाहावी, अशी समजूत त्यातून रुजली. वाट पाहता पाहता कोणी कबुतराचे रक्त चोळण्यास सांगतो, कोणी उतारा टाकतो, आणि मोलाचा वेळ हातचा जातो.

वस्तुतः हे वारे नव्हे. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते, नाही तर फुटते, आणि तिच्यावर पोसणारा मेंदूचा भाग मरू लागतो. गुठळी असल्यास ती विरघळवणारे औषध आहे. लक्षणे दिसल्यापासून तीन तासांच्या आत ते दिल्यास लाभ होतो हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले. ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढवता येते, असे २००८ साली युरोपातील प्रयोगाने दाखवले. मात्र रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते, म्हणून आधी मेंदूचे सीटी स्कॅन हवे. खानापुराहून बेळगाव जवळच आहे. पण कणकुंबी-जांबोटीकडील रानातल्या वाडीवरून, आषाढाच्या पावसात, मध्यरात्री बेळगाव गाठणे म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यातील लोकांना सांगण्याची गरज नाही. यास्तव घरातील प्रत्येकास एक खूण ठाऊक असावी. संशय येताच त्या व्यक्तीस डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून धरण्यास सांगावे. एक हात आपोआप खाली येऊ लागला, किंवा तोंड वाकडे दिसले, किंवा जीभ अडखळली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला नंतर घ्यावा.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय त्या साडेचार तासांच्या पुढचा आहे. जीव वाचला, रुग्ण घरी आला, पंधरा-वीस दिवसांत काठी टेकत अंगणापर्यंत चालूही लागला. पाहुणे येऊन म्हणतात, 'आता काय, बरेच झाले की!' आणि रुग्ण मात्र आपल्या मांडीवर पडलेल्या त्या हाताकडे पाहत राहतो. पाय परत आला, हात आला नाही. पुष्कळ घरांतून हेच घडते, आणि घरची माणसे गोंधळून विचारतात की असे का?

याचे कारण हाताच्या थोरवीतच आहे. चालताना गुडघा थोडा ताठ राहिला, पाऊल थोडे घासत गेले, तरी माणूस इष्ट स्थळी पोहोचतो. हाताचे तसे नाही. सुईत दोरा ओवणे, सदऱ्याची गुंडी लावणे, चिमटीने मीठ टाकणे यांत प्रत्येक बोटाला शेजारच्या बोटापासून वेगळे होऊन स्वतःचे काम करावे लागते. एका हातात सत्तावीस हाडे आहेत, आणि त्यांना खेळवण्यासाठी मेंदूने फार मोठी जागा राखून ठेवली आहे. कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श करून जो नकाशा तयार केला, त्यात धडापेक्षा हाताचा पंजाच मोठा दिसतो. मेंदूच्या डाव्या अर्धातून निघणारे बहुतेक तंतू मानेच्या वरच्या टोकाशी ओलांडून उजव्या अंगात जातात, आणि उजवीकडचे डाव्या अंगात. ज्या अरुंद वाटेने ते सारे एकत्र खाली उतरतात, तेथे लहानशी गुठळी अडकली तरी अख्खा हात निकामी होतो.

कोणत्या बाजूला घाव बसतो हा निव्वळ दैवाचा भाग. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांना १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघात झाला आणि त्यांचे डावे अंग अधू राहिले. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस मुलाला टोचण्यात आली, ती या अधू हाताच्या माणसाची कामगिरी होती. म्हैसूरला जन्मलेले आणि मुंबई-पुण्याचे झालेले व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे डावे अंग २००३ साली गेले. चित्र काढणारा हात उजवा असल्यामुळे त्यांची रेषा थांबली नाही. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांच्या वाट्याला मात्र १९९० साली उजवी बाजू आली, आणि डाव्या मेंदूच्या इजेमुळे वाचाही गेली. ते पुढे केवळ डाव्या हाताने पियानो वाजवीत. २०११ सालचे नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. थोरांची उदाहरणे वाचून सामान्य माणसाचा हात हलत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. मुद्दा इतकाच की या तिघांपैकी कोणाचाही हात पूर्ववत झाला म्हणून त्यांचे काम चालले, असे नव्हे.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गुरुजी आहेत. चाळीस वर्षे फळ्यावर अक्षर काढले; त्यांचे वळण पाहून पिढ्यांनी आपले अक्षर सुधारले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे उजवे अंग गेले. वाचा सुदैवाने राहिली. महिन्याभराने पेन्शनच्या कामासाठी बँकेत जाण्याची वेळ आली तेव्हा सही जुळेना. बँकेतील माणसाने शाईचा पॅड पुढे केला. त्यात त्या माणसाची चूक काहीच नव्हती. सही करता न येणाऱ्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा नियमच आहे, आणि तो रुग्णांच्या सोयीचा आहे. पण ज्यांनी गावातील शेकडो अंगठेबहाद्दरांना सही शिकवली, त्यांचा अंगठा शाईत बुडाला. घरी आल्यावर गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, 'व्यायाम शिकवणारा बोलव.'

आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, हुबळीकडच्या. मराठी जेमतेम. गुरुजींचे कन्नड बाजारापुरते. त्यामुळे सारे शिक्षण दोन शब्दांवर आले. लाकडी ठोकळा हातात देऊन बाई म्हणत, 'हिडीरी', म्हणजे धरा. आणि मग म्हणत, 'बिडरी', म्हणजे सोडा. आमच्या सीमाभागात हे शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतात. गुरुजी चार-सहा आठवड्यांनी ठोकळा धरू लागले, पण धरलेला सुटेना. डाव्या हाताने एकेक बोट उकलावे लागे. 'धरण्यापेक्षा सोडणे अवघड आहे, हे आम्ही कीर्तनात ऐकले होते. ते असे अनुभवाला येईल असे वाटले नव्हते,' असे ते हसत म्हणाले. आजारानंतर ते प्रथमच हसले असावेत.

यातील शास्त्र असे. पक्षाघातानंतर हात आधी लुळा असतो. मग हळूहळू त्यात ताठरपणा येतो: कोपर दुमडते, मनगट खाली वळते, मूठ मिटते. वळवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंवर मात करतात. खांद्याकडची हालचाल बहुधा आधी येते, बोटांची मागून, आणि बोटांतही मिटणे आधी, उघडणे नंतर. म्हणूनच पुष्कळ घरांतून हितचिंतक जो रबरी चेंडू आणून देतात, तो सर्वांनाच उपयोगी नसतो. ज्याची मूठ आधीच घट्ट वळलेली आहे, त्याला आणखी आवळण्याचा सराव देऊन काय साधणार? त्याला शिकवायचे ते उघडणे. आमच्या मते यासाठी भाकरीचे पीठ हे साधन फार उत्तम. थंड परातीत, चुलीपासून दूर, उघड्या पंजाने पीठ थापावे. मनगट वर उचलले जाते, बोटे पसरतात. खानापूर कुंभारकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आमच्या गावात आहे. तेव्हा मातीचीही वाण नाही. ओल्या मातीचा गोळा पाटावर चापट करणे हेही तेच काम.

बोटे उघडतात की नाही, यावर भविष्यही सांगता येते. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, पहिल्या तीन दिवसांत ज्या रुग्णाला बोटे थोडी तरी सरळ करता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, त्याच्या हातात सहा महिन्यांनी थोडीबहुत कुशलता येण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के होती. दोन्ही न जमणाऱ्यांत ती सुमारे २५ टक्के होती. हे आकडे निष्ठुर वाटतात. परंतु पंचवीस म्हणजे शून्य नव्हे, हे गणिताच्या कोणत्याही मास्तरला मान्य व्हावे.

सुधारणेचा मोठा वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो. त्यानंतर तो मंदावतो, थांबत मात्र नाही. येथे दोन टोकांपासून सावध राहावे. पहिले टोक अतिघाईचे. पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला वारंवार उठवून जोरात हालचाल करवली तर हित होण्याऐवजी अहित होते, असे २०१५ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील प्रयोगात आढळले. दुसरे टोक 'आता सहा महिने झाले, जे व्हायचे ते झाले' असे म्हणून हातपाय गाळण्याचे. हे दुसरे टोक आमच्याकडे अधिक आढळते.

यासंबंधात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांचे काम जाणून घेण्यासारखे आहे. माकडाच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्यावर ते तो हात वापरणे सोडून देते. हालचालीच्या नसा शाबूत असूनही वापरत नाही. पण चांगला हात बांधून ठेवला की तेच माकड त्या टाकलेल्या हाताने खाऊ लागते. म्हणजे त्या हाताला जितके जमत होते त्याहून कमी तो करीत होता. प्रारंभीच्या अपयशातून 'न वापरण्याची' सवय शिकला होता. (माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ साली टाउब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली आणि मोठे प्रकरण झाले. ज्ञानाची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न तेथे उरतोच.) यावरून पुढे माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून, जागेपणाचा नव्वद टक्के वेळ तो अडकवून ठेवायचा, आणि दोन आठवडे अधू हाताकडून कसून काम करून घ्यायचे. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर हा प्रयोग झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हाताची सुधारणा स्पष्ट होती आणि वर्षानंतरही टिकली होती. मात्र त्यांतील प्रत्येकाला मनगट आणि बोटे थोडी का होईना उचलता येत होती. पूर्ण लुळ्या हातासाठी हा मार्ग नव्हे. शिवाय चालताना, जिना उतरताना, विस्तवाजवळ तो मोजा काढलाच पाहिजे. पडून कंबरेचे हाड मोडले तर हाताचे कोणाला काय?

माकडांपुरते हे राहू दे. आमच्या घरांतून काय चालते? सासूबाईंचा उजवा हात गेला की सून मायेने घास भरवते, नात वेणी घालते, मुलगा पाण्याचा पेला ओठांशी धरतो. सारे प्रेमापोटी. आणि चार महिन्यांत सासूबाईंचा हात टाउब यांच्या माकडासारखा 'न वापरणे' शिकतो. पुरुष निदान बँकेसाठी, दुकानासाठी धडपडतो. बाईने हात हलवला नाही तर घराचे काही अडू नये अशी व्यवस्था घरच सर्वांआधी करते, आणि बेळगावला उपचारास नेणे तिच्याच बाबतीत लवकर थांबते. हे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. आपल्या पदराला पिन लावता न आल्यामुळे लग्नाकार्यास जाणे सोडलेल्या एक बाई आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचा आजार हाताचा होता, शिक्षा मात्र सगळ्या आयुष्याला झाली.

तेव्हा काम द्यावे, आणि खरेखुरे द्यावे. वाटाणे सोलणे, शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे, वाती वळणे, भजनात टाळ धरणे. दोन्ही हात लागणारी कामे विशेष चांगली, कारण चांगला हात गुरू होतो. किती वेळा? येथेच खरी मेख आहे. अमेरिका व कॅनडातील उपचारकेंद्रांत प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा, एका बैठकीत अधू हाताकडून उपयोगी हालचाल सरासरी अवघी बत्तीस वेळा करून घेतली जाते असे २००९ साली दिसले. तर प्राण्यांच्या मेंदूत बदल घडवून आणणाऱ्या प्रयोगांत ती दिवसाला शेकडो वेळा होत असे. पहिलीतले मूल 'अ' किती वेळा गिरवते ते आठवावे. पूर्वी धुळाक्षरे होती. बोटाने धुळीत काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. बत्तीस वेळा गिरवून कोणाचे अक्षर वळले आहे काय?

न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे कवी आणि प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रीता यांना १९५९ साली पक्षाघात झाला. त्यांचा मुलगा जॉर्ज याने त्यांना तान्ह्या मुलासारखे रांगण्यापासून आरंभ करवला. भांडी घासताना अधू हात बुडाच्या कडेने पंधरा मिनिटे एका दिशेने, पंधरा मिनिटे उलट दिशेने फिरवायला लावला. साधारण वर्षभरात प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले. पुढे पर्वतात भटकत असताना हृदयविकाराने त्यांचा अंत झाला आणि शवविच्छेदनात दिसले की मेंदूतील ती जुनी जखम भरलेलीच नव्हती, प्रचंड होती. उरलेल्या मेंदूने नवी वाट पाडली होती. दुसरा मुलगा पॉल मेंदूच्या या लवचिकपणाचाच नामांकित संशोधक झाला.

'हातच्या कांकणाला आरसा कशाला' ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण येथे हातालाच आरसा लागतो. मूळचे तमिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी आरशाची युक्ती काढली, आणि १९९९ साली ती पक्षाघाताच्या रुग्णांवर करून पाहण्यात आली. आरसा मधोमध उभा ठेवावा, अधू हात त्याच्या मागे दडवावा आणि चांगला हात आरशासमोर हलवावा. आरशातील प्रतिमेमुळे अधू हातच हलतो आहे असा डोळ्यांना भास होतो, त्याच वेळी मागच्या हातानेही तसा प्रयत्न करावा. पुढील अनेक चाचण्यांतून याचा मध्यम का होईना लाभ दिसला आहे. खर्च म्हणाल तर एका आरशाचा.

गोळीने हात येईल काय, असे सर्वच विचारतात. नैराश्यावरील एका औषधाने हात सुधारतो असे २०११ साली फ्रान्समधील लहान प्रयोगात वाटले होते. २०१८ साली ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर ते पडताळले, तेव्हा लाभ दिसला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. मानेतील नसेला विद्युत्स्पर्श देणारे यंत्र अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले; ते आपल्या आवाक्यातले नव्हे.

घरच्या माणसांविषयीही एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कुटुंबीयांना शिकवून घरीच उपचार करवले तर परिणाम अधिक चांगला होतो काय, हे पाहण्यासाठी भारतातच चौदा रुग्णालयांतून १२५० रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ साली उत्तर आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक पडला नाही. आम्हांस हे वाचून वाईट वाटले, कारण आमचा स्वतःचा कल घरच्या सेवेकडे आहे. यावरून घरच्यांनी हात आखडता घ्यावा असे नव्हे. परंतु चार दिवस पाहून घेतलेले व्यायाम जाणकाराची जागा घेऊ शकत नाहीत. निदान पंधरा दिवसांनी तरी फिजिओथेरपिस्टने हात पाहावा आणि पुढचा पाठ द्यावा.

काही गोष्टी तर घरात होऊच नयेत. रुग्णाला उठवताना अधू हात धरून ओढू नये. लुळा खांदा सांध्यातून खाली सरकलेला असतो, ओढण्याने तो कायमचा दुखू लागतो. बसताना हाताखाली उशी असावी. तुळईला कप्पी बांधून दोरीने हात वर खेचण्याचा व्यायाम काही घरांत पाहिला. त्याने खांदेदुखी वाढते असे आढळून आले आहे. स्पर्श गेलेल्या हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजलेले कळत नाही. तेलाचे मालिश सुखकर आहे, जरूर करावे, पण त्याला व्यायाम समजू नये.

गुरुजींविषयी सांगायचे राहिले. पाटीवर रेती पसरून ते रोज सकाळ-संध्याकाळ गिरवीत. मनगट नाचत नसल्याने आधी खांद्यातून मोठमोठी अक्षरे, मग लहान, मग पेन्सिल. पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड केलेली. सात महिने झाले तेव्हा अंगठा आणि दोन बोटे कामाला लागली होती, उरलेली दोन अजून वळलेलीच होती, आजही आहेत. जुनी लांबलचक, शेवटी फाटा मारलेली सही परत आली नाही. आडनाव गाळून, तुटक रेघेत केवळ नावाचीच सही त्यांनी बसवली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते मुलाबरोबर बँकेत गेले आणि नमुना-सही बदलण्याचा अर्ज मागितला. अर्जावर तीन ठिकाणी सही लागते. तिसरी होईपर्यंत हात थकून थरथरू लागला, तेव्हा खिडकीतील मुलीने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाली, 'सावकाश करा, गुरुजी, रांग मी थांबवते.'